वरचा मजला रिकामा ठेव

ॲल्डर फोर्क, युटा
१२ सप्टेंबर १९८५

ती. रेजिना हिस,
धाकट्या वांडाचा सा. न. वि. वि.

पोचलो एकदाचे. फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर आपण दोघी नुसत्या रडतो आणि बातमी तशीच राहते. कॅझ टर्की कोंबड्यांच्या कारखान्यात रुजू झाला. शीतगृहाची सगळी यंत्रं त्याच्या ताब्यात दिली आहेत, त्यामुळे स्वारी खुशीत आहे. वारा फिरला की गावभर टर्कीचा वास सुटतो. इथल्या लोकांना तो येतच नाही म्हणे. मी विचारलं तर म्हणाले, कसला वास?

आमचा ट्रक दारात थांबला नाही तोच पंधरावीस माणसं आली आणि न विचारता सामान उतरवायला लागली. मला वाटलं, लुटलं आपल्याला. मी आजीच्या पेटीवर बसून राहिले. त्यांनी मला पेटीसकट उचलायची तयारी केली तेव्हा उठले. तासाभरात घर लागलं, पलंग जोडला, पडदेसुद्धा टांगले, आणि चहा-कॉफी काही न घेता मंडळी पसार. कॉफी इथे कुणी पीत नाही. मी किटली ठेवली तशी सगळ्यांना एकदम कामं आठवली. ही सगळी मॉर्मन चर्चची मंडळी. गावात आम्ही दोघं आणि एक पशुवैद्य सोडला तर सगळेच त्यातले. इथे जो तो मला ‘सिस्टर वांडा’ म्हणतो. एकमेकींनाही सिस्टरच म्हणतात.

आता हसू नकोस. समोरची शेजारीण लारू सोरेन्सन सहज बोलून गेली की गुरुवारी संध्याकाळी बिशप येतील. बिशप, रेजिना! आपण कॅथलिकांनी बिशप पाहिला तो लहानपणी कन्फर्मेशनच्या विधीला, जरीचा झगा आणि उंच टोपी घातलेला, तोही लांबून. मी खिडक्या पुसल्या, टेबलक्लॉथला खळ घातली, कॅझला लग्नातला सूट चढवला. सूटची बटणं लागेनात म्हणून त्याला श्वास आत घेऊन बसायला सांगितलं. सहा वाजता दारात रबरी बूट घातलेला एक शेतकरी उभा, केसात पीस, हातात टोमॅटोची बादली. मी त्याला म्हटलं, बाबा रे, आज नको, आमच्याकडे बिशप यायचे आहेत, बादली मागच्या दारी ठेव. तो बरं म्हणाला, मागे जाऊन बादली ठेवून आला आणि पुन्हा पुढच्या दारी उभा राहिला. म्हणाला, तो मीच.

डीव्हॉन रासमुसेन त्याचं नाव. चारचौघांसारखा टर्क्या पाळतो आणि रविवारी बिशप असतो. तेवढ्यात आतून कॅझनं ‘बिशप’ एवढंच ऐकलं आणि येऊन धाडकन गुडघ्यावर बसला. आपल्या रीतीप्रमाणे अंगठीचं चुंबन घ्यायला हात धरला तर हातात रबरी मोजा. बिशपला वाटलं हा घसरून पडला. त्यानं काखेत हात घालून उचललं आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्याला लावायला मलम पाठवलं.

कॅझला मी पुन्हा बजावलं आहे. एक वर्ष. पुढच्या ऑगस्टपर्यंत माझं मन इथे रमलं नाही तर परत मिलवॉकी, आणि त्यानं कबूल केलं आहे. तेव्हा तुझ्या घराचा वरचा मजला रिकामा ठेव. माझी खिडकीजवळची खुर्ची हलवू नकोस.

माया आहेच, ती पोस्टाच्या अंतरानं पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
वांडा


मिलवॉकी
२७ सप्टेंबर १९८५

चि. सौ. वांडा हिस,
अनेक आशीर्वाद, आणि कॅझला गुडघ्यापुरते थोडे जास्त.

तुझं पत्र मी फादर ग्रॅबोव्स्कींना वाचून दाखवलं. हसून हसून त्यांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मग गंभीर होऊन म्हणाले, वांडाला सांगा, सांभाळून राहा. मी म्हटलं, फादर, तिला सांभाळायची गरज नाही, त्या गावाला आहे.

पण खरं सांगू, त्या पंधरावीस माणसांचं मला काही पटलेलं नाही. फुकट सामान कोण उतरवून देतो? आधी पलंग जोडतील, मग जेली देतील, मग एक दिवस बाप्तिस्मा द्यायला तुला पांढरे कपडे घालून पाण्यात बुडवतील. जेली गळाला लावलेली आहे हे ध्यानात ठेव. आणि ‘सिस्टर’ म्हणवणाऱ्या त्या लारूला सात मुलं आहेत असं तू फोनवर म्हणाली होतीस. आपल्या शाळेतल्या नन सिस्टर अगाथानं हे ऐकलं असतं तर पट्टी मोडली असती.

वरचा मजला रिकामा आहे आणि राहील. श्रीमती पिअर्झिनांना त्यांच्या पुतण्यासाठी तो हवा होता. दोनदा येऊन गेल्या. मी सांगितलं, माझी बहीण हवापालट करायला गेली आहे, येईल. तुझी खुर्ची तिथेच आहे. मी कधीमधी वर जाऊन तिच्यावर बसते, एवढं चालवून घे.

माझी काळजी नको. गुडघे दुखतात, जीभ शाबूत आहे.
जवळ नसलीस तरी माझीच असलेल्या तुला,
रेजिना


ॲल्डर फोर्क
३ नोव्हेंबर १९८५

ती. रेजिना हिस,
सा. न. वि. वि.

तुझं खरं निघालं, आता मिरवू नकोस. गेले दीड महिने आमच्या दाराला उसंत नाही. आज दोघी येतात, परवा दोघे येतात, मध्ये मुलं पाव घेऊन येतात. काही हवं का, काही नको का, चर्चला यायचं का, नाही आलात तरी हरकत नाही. पाव ठेवायला जागा उरली नाही म्हणून कॅझ तो टर्क्यांना घालतो. हिरव्या जेलीत किसलेलं गाजर घालतात, रेजिना. गोड आहे की कोशिंबीर, विचारायची सोय नाही.

तेही चाललं असतं. पण परवा लारू माझ्या स्वयंपाकघरात बसून काहीतरी बोलली. काय ते लिहीत नाही. माझं कुठे दुखतं ते तुला माहीत आहे, तिथेच तिनं बोट ठेवलं, आणि वर हसून ठेवलं. मी उठले. कोट घातला, तडक बिशपच्या टर्क्यांच्या आवारात गेले आणि त्या हजारो टर्क्यांसमोर सांगितलं की यापुढे तुमच्यापैकी कुणीही आमच्या घरी येऊ नये. पाव नको, जेली नको, चौकशी नको. त्यानं टोपी काढली. म्हणाला, तुमची तशी इच्छा असेल तर तसंच होईल, सिस्टर वांडा. टर्क्या मात्र मी निघेपर्यंत ओरडत होत्या.

आता घरात कशी शांतता आहे. कालपासून कॉफी उघड्या खिडकीशी बसून पिते. ज्याला वास घ्यायचा त्यानं घ्यावा.

कॅझला राग आला आहे. तो म्हणतो मी उचलली जीभ लावली टाळ्याला. तो दिवसभर यंत्रांत असतो, त्याला काय?

तुझ्या शिव्या खायला मी लवकरच येईन, तोवर आशीर्वाद पाठवत जा.
वांडा


मिलवॉकी
८ डिसेंबर १९८५

चि. सौ. वांडा हिस,
अ. आ., आणि शाबासकी.

आली अंगावर, घेतली शिंगावर! आपल्या आईचीच मुलगी आहेस. ती बाई काय बोलली असेल ते मला कळलं. तुझ्या जागी मी असते तर गाजराची जेली तिच्या डोक्यावर पालथी घातली असती.

मी पडत्या फळाची आज्ञा समजून कामाला लागले आहे. वरच्या स्वयंपाकघराला पिवळा रंग दिला. तुला पिवळा आवडत नाही हे अर्धी भिंत झाल्यावर आठवलं, पण आता तो तसाच राहील. ऑगस्टपर्यंत कशाला थांबायचं? ईस्टरला या. कॅझला म्हणावं, इथेही फ्रीज बिघडतात.

पार्सलात सॉसेज आहे, खसखशीचा रोल आहे आणि नाताळला मोडून वाटायची पातळ पापडी आहे. फादरनी स्वतः आशीर्वाद दिलेली. मोडताना माझं नाव घे.

तुझी, आणि फक्त तुझी वाट पाहणारी,
रेजिना


ॲल्डर फोर्क
१९ जानेवारी १९८६

ती. रेजिना हिस,
सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. पापडी कॅझनं आणि मी वाटली. दोघांत वाटायला किती वेळ लागतो, एका घासात नाताळ संपला.

मी अगदी मजेत आहे. कुणी येत नाही. नोव्हेंबरपासून खरोखर कुणी म्हणजे कुणी आलं नाही. हे लोक शब्दाचे इतके पक्के असतील असं वाटलं नव्हतं. दुकानात भेटले की हसतात, हवेबद्दल बोलतात आणि बाजूला होतात, जसा काही मला कांजिण्यांचा त्रास आहे. बर्फ पडला की कोणीतरी पहाटेच रस्त्याकडचा बर्फ ओढून जातं, पण बरोब्बर आमच्या फाटकापर्यंत. फाटकाच्या आत एक फावडंही नाही. फाटकाच्या आत आम्ही.

सोमवारी संध्याकाळी गल्लीतली सगळी घरं आपापल्या पोरांना घेऊन बसतात, गाणी म्हणतात, खेळतात. तो त्यांचा नेम आहे. खिडक्यांत उजेड असतो. समोर लारूच्या घरी परवा काहीतरी पडलं आणि सगळे हसले. मी म्हटलं, चला, आपल्याला काय. कॅझ म्हणाला, मग पडदा का बाजूला केलास? त्याला म्हटलं, धूळ झटकते आहे.

रविवारी आपल्या चर्चमध्ये मासच्या प्रार्थनेला जायचं म्हणजे घाट ओलांडून दीड तास. बर्फात तेही होत नाही. मागच्या आठवड्यात एक माणूस व्हॅक्यूम क्लीनर विकायला आला. आमच्या घरात गालिचा नाही, तरी मी त्याला बसवून घेतलं. कॉफी प्यायला. किती बरा माणूस होता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच का, असं एखादे दिवशी वाटतं. पण आता जाऊन काय सांगू? की पाव पाठवा? जीव गेला तरी नाही सांगणार.

पिवळा रंग चालेल. ईस्टरचं कॅझशी बोलते.

माझी आठवण काढून उचक्या लागू दे, तेवढीच सोबत.
वांडा


ॲल्डर फोर्क, युटा
९ फेब्रुवारी १९८६

मा. श्रीमती रेजिना बुडनिक यांस,
अनोळखी लारू सोरेन्सनचा स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी आपल्या बहिणीची समोरची शेजारीण. आपला पत्ता मी नाताळच्या पार्सलवर वाचला. पोस्टात माझी नणंद असते, तिनं ते काउंटरवर जरा जास्त वेळ ठेवलं, एवढंच. रागावू नये.

बिशपनी आम्हांला सांगितलं आहे की त्या घरी जायचं नाही, आणि आम्ही गेलो नाही. मिलवॉकीला लिहायचं नाही असं कुणी म्हटलेलं नाही. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर म्हणाले असते.

वांडा बऱ्या आहेत का? त्यांचा समोरचा पडदा पूर्वी सकाळी सातला उघडायचा, आता दहा-अकरा होतात. धुणं दोरीवर घालत नाहीत, घरातच वाळवतात बहुधा. मी टेहळणी करते असं समजू नका. माझी मोरी त्यांच्या खिडकीसमोर आहे, आणि मला सात मुलं असल्यामुळे मी दिवसभर मोरीपाशीच असते.

चूक माझी आहे. मी त्यांना मुलांबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, नाहीत. तर मी म्हटलं, वाईट वाटून घेऊ नका, इथे नाही तर पुढच्या जगात होतील, देव कुणाची ओटी रिकामी ठेवत नाही. आमच्यात हे धीर देण्यासाठी बोलतात. माझी पहिली मुलगी दोन दिवसांची असताना गेली, तेव्हा मलाही हेच सांगितलं होतं आणि त्यावर मी दिवस काढले. पण वांडांचा चेहरा पाहिला आणि कळलं की जे माझ्यासाठी मलम ते त्यांना मीठ झालं. तेव्हापासून मला चैन नाही.

मला त्यांना धर्मात ओढायचं नाही. म्हणजे त्या आल्या तर आनंदच आहे, खोटं कशाला बोलू. पण नाही आल्या तरी मला त्या हव्या आहेत. त्यांनी बिशपना मागच्या दारी पाठवलं ती गोष्ट माझा नवरा व्हर्ल अजून सांगतो. या गल्लीत इतकं हसवणारं माणूस पूर्वी आलं नव्हतं.

आपण त्यांना काही सुचवू शकाल का?

ओळख नसताना लोभ मागते, जमेल तेवढा द्यावा.
आपली,
लारू सोरेन्सन


मिलवॉकी
१५ फेब्रुवारी १९८६

चि. सौ. वांडा हिस,
अ. आ.

सोबत त्या लारूचं पत्र जोडलं आहे. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? मी वाचलं तेव्हा शेगडीजवळच उभी होते. आत टाकलं असतं तर कुणाला कळलं नसतं, आणि तू ईस्टरला इथे असतीस. मला तेच हवं आहे. तू गेल्यापासून मला या घरात जेवण जात नाही, हे आजवर लिहिलं नव्हतं, आता लिहिते. पण त्या बाईनं आपली मेलेली पोर पानावर आणून ठेवली आहे, वांडा. असल्या माणसाचं पत्र जाळायला माझा हात होईना. फार चडफडले.

तुझा पडदा अकराला उघडतो? आणि मला लिहितेस मजेत आहे? ताकाला जाऊन भांडं लपवणं तुला आधीपासून जमत नाही.

इकडे यायचं तर ये. पण त्या दाराकडे पाठ फिरवून येऊ नकोस. रस्ता ओलांड आधी. पाव मागायला लाज वाटत असेल तर मागू नकोस, तूच त्यांना जेवायला घाल. आपल्या पोलिश करंज्या, पिएरोगी, खाऊन कुणी वैरी राहिल्याचं मी ऐकलेलं नाही.

रागावलेली पण तुझीच,
रेजिना

ता. क. कोबीत बीअर घालू नकोस.


ॲल्डर फोर्क
४ मार्च १९८६

ती. रेजिना हिस,
सा. न. वि. वि. हात अजून दुखतो आहे, अक्षर समजून घे.

रस्ता ओलांडला. लारूनं दार उघडलं, तिच्या हाताला पीठ, माझ्या हाताला घाम. दोघींनी एकदमच बोलायला सुरुवात केली आणि दोघीही थांबलो. मग मी एवढंच म्हटलं की येत्या रविवारी चर्च सुटल्यावर तुम्ही आणि बिशपकडची माणसं आमच्याकडे जेवायला या. तिचा चेहरा एकदम फुलला, मग क्षणभर कसनुसा झाला, मग ती म्हणाली, येऊ. सगळे येऊ.

दोन दिवस मी पिएरोगी वळत होते. बटाटा-चीजच्या, कोबीच्या, आलुबुखाराच्या. डुकराचं मांस भाजलं, कोबी शिजवला, त्यात बीअरचा थेंब नाही. रविवारी एक वाजता मंडळी चर्चच्या कपड्यांत आली. लारू, व्हर्ल, त्यांची मोठी पोरं, बिशप आणि त्याची बायको आर्विला, व्हर्लची म्हातारी आई. टेबलं जोडून सगळ्यांना बसवलं, वाढलं, आणि म्हटलं, सुरू करा.

कुणी काट्याला हात लावीना.

म्हणाले, काय सुंदर दिसतंय. म्हणाले, वास तर काय सुटलाय. बिशपनं भांड्यांच्या नक्षीचं कौतुक केलं. पाण्याच्या पेल्यालाही कोणी शिवलं नाही. मला कळेना. मनात आलं, यांना वाटतं मी कोबीत दारू घातली आहे. मग मनात आलं, माझं चर्च वेगळं म्हणून माझ्या हातचं चालत नाही. तेवढ्यात व्हर्लच्या पोटात असा काही गुरगुराट झाला की कॅझ शीतगृहाच्या सवयीनं खाली वाकून यंत्र शोधायला लागला. कुणी हसलंही नाही.

माझा तोल गेला. मी उभी राहिले आणि म्हटलं, “या अन्नात काही वाईट नाही. माझ्या हातचं तुमच्या घशाखाली उतरत नसेल तर आलात कशाला?”

बिशप लाल झाला. म्हणाला, “सिस्टर वांडा, आज महिन्याचा पहिला रविवार. आज आमचा उपवास असतो. कालपासून पाणीसुद्धा नाही, संध्याकाळपर्यंत.”

मी खाली बसले. रेजिना, त्यांना उपाशीपोटी डुकराच्या भाजल्या मांसासमोर बसवलं होतं मी, आणि वर दरडावून खा म्हणत होते. मी लारूला विचारलं, अगं बाई, मग तेव्हाच का नाही सांगितलंस, पुढच्या रविवारी ठेवलं असतं. ती म्हणाली, “तू पहिल्यांदाच बोलावलंस. आम्ही नाही म्हटलं असतं तर पुन्हा बोलावलं असतंस?”

नसतं बोलावलं. तू मला ओळखतेस.

मला रडू आलं, तिलाही आलं. व्हर्लची आई ऐकायला कमी येतं म्हणून मोठ्यानं विचारायला लागली की कोण गेलं. मग सगळे जे हसले ते थांबेचनात. मी सगळं अन्न झाकून भट्टीत ठेवलं. म्हटलं, आता संध्याकाळ होईपर्यंत कुणी घरी जायचं नाही, मीही काही खाणार नाही. कॉफीही घेतली नाही, हे तू फादरना सांग. कॅझ मात्र दर थोड्या वेळानं भट्टी तपासायला आत जायचा आणि मिशीला लोणी लावून यायचा.

तोवर काय काय झालं म्हणून सांगू. पोरांनी माझ्याकडून पोलिश शिव्या शिकून घेतल्या, मी त्यांना त्या भाज्यांची नावं म्हणून सांगितल्या. बिशप कोचावर झोपला. लारू आणि मी स्वयंपाकघरात बसलो. तिनं मला तिच्या त्या मुलीचं नाव सांगितलं. मी तिला माझ्या तिघांबद्दल सांगितलं, जे जन्मापर्यंत पोचलेच नाहीत. हे मी तुझ्याशिवाय कुणाशी बोलले नव्हते. या खेपेला तिनं पुढच्या जगाचं नाव काढलं नाही. नुसता माझा हात धरून बसली.

पाच वाजता बिशपनं प्रार्थना केली, थोडी घाईनंच. मग काय तुटून पडले! एक पिएरोगी उरली नाही. व्हर्लनं कोबीचं पातेलं पावानं पुसलं. जाताना आर्विलानं पिएरोगी कशी वळायची ते शिकवशील का असं विचारलं. मी हो म्हटलं. तेव्हा ईस्टरला येणं जमायचं नाही, रेजिना. तो वर्ग नेमका त्याच आठवड्यात आहे.

आशीर्वाद थोडे जास्त पाठव, इथे वाटायला माणसं झाली आहेत.
वांडा


मिलवॉकी
१६ मार्च १९८६

चि. सौ. वांडा हिस,
अ. आ.

पत्र तीनदा वाचलं. फादरना वाचून दाखवताना मी त्या ‘कोण गेलं’पाशी आले आणि मला पुढे वाचता येईना, हसूनही आणि दुसऱ्या कारणानंही. त्या माणसांबद्दल मी जे जे बोलले ते परत घेते. जेलीबद्दलचं परत घेत नाही.

श्रीमती पिअर्झिना पुन्हा आल्या होत्या. पुतण्याला दुसरीकडे जागा मिळाली. बरंच झालं, तो ट्रम्पेट वाजवतो. वरचा मजला ऑगस्टपर्यंत आहे तसा आहे. मी काही विचारत नाही. तूही लगेच काही सांगू नकोस.

तुझी,
रेजिना


ॲल्डर फोर्क
२० जुलै १९८६

ती. रेजिना हिस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी चारदा लिहून फाडलं. कॅझ म्हणाला, फोन कर. मी म्हटलं, नाही, तिचा आवाज ऐकला तर मी खोटं बोलेन.

लारू रोज दहाला येते. मी माझी कॉफी पिते, ती आपलं भाजक्या जवाचं पाणी डब्यातून घेऊन येते. ते कॉफीसारखं लागतं असा तिचा दावा आहे. बिचारीनं कॉफी कधी चाखलेली नाही, तिला काय कळणार. मी मासला घाट ओलांडून जाते. परत येते तेव्हा लारूची पोरं आमच्या पायरीवर बसलेली असतात, कारण भाज्यांची आणखी नावं हवी असतात. मला कुणी पाण्यात बुडवलेलं नाही. व्हर्लच्या आईनं एकदा विषय काढला, मी तिला म्हटलं, आजी, मी आधीच एकदा भिजले आहे, लहानपणी. ती बरं म्हणाली.

मागच्या आठवड्यात गल्लीच्या टोकाला मिनेसोटाचं एक लुथरन पंथाचं कुटुंब राहायला आलं. ट्रक थांबला तशी आमची माणसं धावली, आणि ती बाई घाबरून दारात उभी राहिली. बिशपनं माझ्याकडे पाहिलं. मीच पुढे झाले. तिला म्हटलं, बाई गं, घाबरू नकोस, चोर नाहीत. पाव घे, आवडला नाही तर टर्क्यांना घाल. फक्त ‘येऊ नका’ एवढं म्हणू नकोस, हे लोक ऐकतात. आणि हे बोलता बोलता लक्षात आलं की मी ‘आमची माणसं’ म्हणते आहे.

रेजिना, मी राहते आहे. वरचा मजला माझ्यासाठी ठेवू नकोस. तू इकडे ये असं म्हणणार होते, पण तुझं चर्च, तुझे फादर, मॅथ्यू भाऊजींची कबर तिथे आहे, तू हलणार नाहीस हे मला माहीत आहे. तुला एकटीला ठेवून मी इथे हसते आहे, हे मला रोज टोचतं. काय करू ते कळत नाही. रागाव, पण लिहिणं थांबवू नकोस.

तुझी, कुठेही राहिले तरी तुझीच,
वांडा


मिलवॉकी
१० ऑगस्ट १९८६

चि. सौ. वांडा हिस,
अनेक आशीर्वाद. आधी ते घे, मग बाकीचं ऐक.

रागावले. खूप रागावले. आठवडाभर तुझ्या नावानं भांडी आपटली. रडलेही. मला वाटलं होतं तू म्हाताऱ्या बहिणीकडे परत येशील आणि आपण दोघी खिडकीत बसून लोकांना नावं ठेवू. ते व्हायचं नाही. वाईट वाटतं, आणि वाटत राहील. पण तुझा पडदा आता सातला उघडतो ना? मग झालं तर.

आता बातमी. मंगळवारी दार वाजलं. उघडलं तर दोन पोरं. पांढरे सदरे, टाय, छातीवर काळी पाटी, उन्हानं नाकं सोललेली. तुझ्या त्या चर्चचे धर्मप्रचारक. नावाआधी ‘एल्डर’ लावतात, म्हणजे वडीलधारे, आणि वय एकोणीस. एक आयडाहोचा, त्याला बटाट्यांखेरीज काही बोलता येत नाही. दुसरा टोंगा बेटावरचा, दारात मावत नाही. मी नेहमीसारखं ‘आम्ही कॅथलिक’ म्हणून दार लावणारच होते. पण त्या टोंगावाल्याचा चेहरा पाहिला. तुझ्याकडे कोणी येत नव्हतं, तर यांना कोणी आत घेत नव्हतं. म्हटलं, ऊन फार आहे, आत या. देवाचं नाव काढायचं नाही, सूप प्यायचं.

तीन तीन वाट्या प्यायले. बोलता बोलता कळलं की त्यांची खोली जाणार आहे, मालक घर पाडतो आहे, आणि त्यांचे वरिष्ठ जागा शोधताहेत. वांडा, मी वरचा मजला त्यांना दिला. तुमच्या लोकांनी माझं एक माणूस ठेवून घेतलं, मी त्यांची दोन ठेवून घेतली. फिटंफाट नाही, पण काहीतरी. फादरना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला, मग विचारलं, मुलं बुद्धिबळ खेळतात का?

शनिवारी पोरं सामान घेऊन आली. दोघांच्या मिळून चार बॅगा. पिवळी भिंत पाहून म्हणाले, किती छान. तुझी खुर्ची टोंगावाल्याला लहान पडते, तरी तो तिच्यावरच बसतो. मग खाली येऊन दोघं दारात उभे राहिले. तुमच्याकडच्या सगळ्यांना ही सवय दिसते. विचारलं, आजी, तुमच्यासाठी काही करू का? बर्फ नाही, तर गवत कापू, खिडक्या पुसू, काहीही सांगा.

एक वर्ष झालं, वांडा, या घरात डोक्यावर एक पाऊल वाजलेलं नाही. मी त्यांना म्हटलं, काही नको, बाळांनो. वर जा आणि जरा जोरजोरात चाला.

चालताहेत. झुंबर हलतं आहे.

तुझी,
रेजिना